इंग्रजीला जरा बाजूला ठेवा: कॉलेजात पहिल्यांदा फ्रेंच शिकताना

फ्रेंचच्या पहिल्या तासाला फळ्यावर ‘बोँझूर’ची स्पेलिंग येते आणि निम्मा वर्ग तिच्याखाली इंग्रजी अक्षरांत उच्चार लिहायला घेतो. पुढच्या सहा महिन्यांतल्या बऱ्याच चुका त्या ओळीत जन्माला येतात. कॉलेजात फ्रेंच शिकवतात इंग्रजीतून, पुस्तकातल्या सूचना असतात इंग्रजीत, म्हणून मुलं प्रत्येक वाक्य आधी इंग्रजीत करतात आणि मग फ्रेंचमध्ये. मराठी माध्यमातून आलेल्यांना तर वाटतं की इंग्रजी कच्चं म्हणजे फ्रेंच गेलीच. खरं तर उच्चार, लिंग, तू-तुम्ही, भूतकाळ अशा अनेक जागी फ्रेंचला मराठी जवळची पडते. इंग्रजीचा उपयोग दोन ठिकाणी होतो, शब्दसंग्रह आणि वाक्यातला शब्दक्रम. बाकी ठिकाणी थेट मराठीवरून जा.

खाली फ्रेंच शब्द देवनागरीत दिले आहेत. चार खुणा लक्षात ठेवा. चंद्रबिंदू म्हणजे नाकातला स्वर, त्याच्यामागे न् किंवा म् म्हणायचा नाही. ‘ज़’ म्हणजे स ला घशाचा आवाज दिल्यावर येतो तो. ‘झ’ म्हणजे श ला घशाचा आवाज दिल्यावर येतो तो, झाडातला झ नव्हे. आणि ‘यु’ ही निव्वळ तडजोड आहे, त्याचं पुढे सांगितलं आहे.

तोंड कसं ठेवायचं

आधी आयतं मिळालेलं मोजून घ्या. फ्रेंचमधले प, त, क, द हे आपलेच प, त, क, द आहेत. जीभ दातांना लागते, हवेचा फुसकारा येत नाही. इंग्रजी बोलणाऱ्याला हे महिनोन्‌महिने शिकवावं लागतं. त्यामुळे मेजाला ‘ताब्ल’ म्हणा, ‘टाब्ल’ नको. पॅरिसला ‘पारी’, आणि कॉफीला ‘काफे’. ट आणि ड फ्रेंचमध्ये वापरूच नका. वर्गात सगळ्यात जास्त ऐकू येणारी चूक हीच असते, आणि सुधारायला सगळ्यात सोपीही हीच.

आता जे आपल्याकडे नाही ते. ‘तू’ या अर्थाचं फ्रेंच सर्वनाम घ्या. ते ‘तू’ही नाही आणि ‘त्यू’ही नाही. आरशासमोर ‘ई’ म्हणा आणि आवाज लांबवत राहा. जीभ जिथे आहे तिथेच ठेवून फक्त ओठ शीळ घालतात तसे गोल करा. जो आवाज निघेल तो फ्रेंच यु. ओठांबरोबर जीभही मागे सरकली तर ‘ऊ’ होतो आणि अर्थ बदलतो: ‘तु’सारखा गोल-ओठी उच्चार म्हणजे तू, ‘तू’ म्हणजे सगळं. दोन या आकड्यातला स्वर अशाच रीतीने ‘ए’वरून मिळतो. ए म्हणा, जीभ हलवू नका, ओठ गोल करा.

झ आणि ज़ साठी दोन बोटं गळ्यावर ठेवा. ‘श्श्श’ म्हणा, गळा थरथरत नाही. तोच श तसाच धरून थरथर आणा, झालं. ‘स्स्स’ला थरथर आणली की ज़. मराठीत जहाजातला ज जवळचा वाटतो, पण त्याच्या आत द् दडलेला असतो. जिभेचं टोक वर चिकटलं की समजा चुकलं. फरक का जपायचा, तर ‘प्वासोँ’ म्हणजे मासा आणि ‘प्वाज़ोँ’ म्हणजे विष. लिहिताना दोन स्वरांमध्ये एक एस असला की ज़, दोन असले की स.

नाकातले स्वर हा मराठी माणसाचा खरा अडसर. आपण आंबा म्हणताना म् म्हणतो, खंत म्हणताना न् म्हणतो. प्रमाण मराठीत निव्वळ नाकातला स्वर जवळजवळ उरलेला नाही. जुन्या पुस्तकांत ‘तें’, ‘घरांत’ यांवर दिसणारे अनुस्वार त्याच स्वरांच्या खुणा होत्या, आणि उच्चारात नाहीत म्हणून १९६२च्या लेखननियमांनी ते काढले. मालवणी किंवा कोकणी बोलणाऱ्या घरातल्या मुलांना हा आवाज लवकर बसतो. इतरांनी हिंदीतलं ‘हाँ’ आणि ‘माँ’ धरून चालावं. तपासायची रीत सोपी आहे: ‘बोँ’ म्हणून थांबा आणि जिभेचं टोक कुठे आहे ते पाहा. खालच्या दातांमागे पडलेलं असेल तर बरोबर. वर टेकलं असेल तर तुम्ही ‘बोन्’ म्हटलंत. सरावाला हे त्रिकूट घ्या: व्हँ, व्हाँ, व्होँ. पहिल्याचा अर्थ वाइन, दुसऱ्याचा वारा, तिसऱ्याचा ‘ते जातात’. पहिल्यात तोंड हसल्यासारखं पसरलेलं, दुसऱ्यात जबडा खाली, तिसऱ्यात ओठ गोल. रोज दहा वेळा, आठवडाभर.

र घशातून येतो, गुळण्या करताना घसा जिथे खरखरतो तिथून. नाही जमला तर आपला मराठी र चालवा, समोरच्याला कळतं. त्या एका अक्षरापायी तोंड बंद ठेवणारी मुलं पाहिली की वाईट वाटतं.

वाइनरीच्या पाट्या आणि मुकी अक्षरं

फ्रेंच स्पेलिंग बेशिस्त नाही. ती नियमाने चालते, फक्त शब्दाच्या शेवटची अक्षरं बहुधा बोलत नाही. हे शिकायला नाशिककराला पुस्तकाआधी द्राक्ष आहे. गंगापूर धरणाकडे किंवा दिंडोरीच्या बाजूला गेलात की वाइनरीच्या पाट्यांवर, लेबलांवर फ्रेंच जातींची नावं दिसतील. बाटली घ्यायची गरज नाही, पाटी वाचा. आपण ज्याला सर्रास ‘कॅबरनेट’ म्हणतो ते ‘काबेर्ने’, शेवटचा टी मुका. ‘मेर्लो’त टी मुका. ‘सोव्हिन्योँ ब्लाँ’मध्ये जी-एन मिळून न्य, आणि ब्लाँमधला सी मुका. ‘शनँ ब्लाँ’मध्ये सी-एच म्हणजे श, च कधी नाही. ‘रोज़े’मध्ये शेवटच्या ई वर तिरकी रेघ आहे म्हणून तो ए बोलला जातो, रेघ नसती तर तोही मुका झाला असता आणि ‘रोज़’ म्हणजे गुलाबाचं फूल उरलं असतं. फसफसत्या वाइनवरच्या ‘ब्र्युत’मध्ये मात्र टी बोलतात, तो अपवाद.

सर्वसाधारणपणे शेवटचे सी, आर, एफ आणि एल बोलतात, बाकीचे गप्प. ब्लाँमधला सी अपवाद, आणि दुसरा मोठा अपवाद म्हणजे ई-आर ने संपणारी क्रियापदं, त्यांत आर मुका: ‘पार्ले’, बोलणे.

आता एक गंमत जी पुढे व्याकरणात कामी येते. पुल्लिंगी विशेषणाचं शेवटचं मुकं अक्षर स्त्रीलिंगी ई लागला की जागं होतं. लहान: पती, पतीत. मोठा: ग्राँ, ग्राँद. हिरवा: व्हेर, व्हेर्त. पांढरा: ब्लाँ, ब्लाँश. लिहिताना फक्त शेवटी भर पडते, पण कानाला शब्द लांबल्यासारखा लागतो. म्हणून विशेषणं पाठ करताना स्त्रीलिंगी रूप आधी पाठ करा. पतीत येत असेल तर त्याचा शेवट गिळून पती मिळतो. उलट्या बाजूने गेलात तर कुठलं अक्षर जागं होणार ते कळत नाही.

आणि मुकी अक्षरं पुढच्या शब्दाच्या सुरुवातीला स्वर आला की जागी होतात. ‘ले’ म्हणजे अनेकवचनी उपपद, ‘आमी’ म्हणजे मित्र, एकत्र ‘लेज़ामी’. ‘वू’ आणि ‘आव्हे’ मिळून ‘वूज़ाव्हे’, तुमच्याकडे आहे. याला संधीच समजा. ऐकताना गोंधळ होतो तो यामुळे: मुलं ‘ज़ामी’ नावाचा शब्द कोशात शोधत बसतात.

व्याकरण: मराठीतून थेट

वय सांगायचं वाक्य घ्या. इंग्रजीवरून जाणारा ‘झ स्वी दीज़ुईत’ म्हणतो, म्हणजे ‘मी अठरा आहे’, आणि परीक्षेत मार्क घालवतो. फ्रेंचमध्ये वय ‘असतं’, आपण ते नसतो: ‘झे दीज़ुईताँ’, माझ्याजवळ १८ वर्षं आहेत. भूक, तहान, थंडी, झोप, भीती सगळं याच क्रियापदावर. मराठीत ‘मला भूक आहे’, ‘मला भीती आहे’ म्हणतोच की आपण. ‘मी भूक आहे’ कोणी म्हणत नाही. मराठीत ‘मला … आहे’ बसलं तर फ्रेंचमध्ये ‘झे’, असा ठोकताळा धरा.

तुम्ही आणि तू यांत फ्रेंच आपल्यासारखीच. सर-मॅडम, दुकानदार, अनोळखी माणूस यांना ‘वू’, वर्गमित्राला ‘तु’. एका माणसालाही वू म्हटलं की क्रियापद अनेकवचनी, जसं ‘तुम्ही आहात’. दोन ठिकाणी मात्र सावध. आपल्याकडे वडिलांना, आजोबांना अहो-जाहो असतं. फ्रेंच घरात आईबाप, आजीआजोबा सगळ्यांना तु. आणि आदरार्थी अनेकवचन तिसऱ्या पुरुषात नाही. ‘सर आले’चं फ्रेंच करताना मुलं हमखास ‘ते’ घेतात. सर एकच असतील तर एकवचनच लिहायचं, त्यात कोणाचा अपमान होत नाही.

‘त्याची बहीण’ आणि ‘तिची बहीण’ यांना फ्रेंचमध्ये एकच शब्द आहे: ‘सा सर’. ‘त्याचा भाऊ’ आणि ‘तिचा भाऊ’ दोन्ही ‘सोँ फ्रेर’. इंग्रजीत मालक कोण यावर शब्द ठरतो, म्हणून इंग्रजीवरून गेलात की हटकून चुकतं. मराठीत त्या-ती हा भाग मालकावरून ठरतो आणि चा-ची हा भाग वस्तूवरून. फ्रेंचने फक्त चा-ची ठेवलं आहे. एवढं कळलं की ‘सोँ’ म्हणजे चा आणि ‘सा’ म्हणजे ची, विषय संपला. एक खाच: स्त्रीलिंगी शब्द स्वराने सुरू झाला तर ‘सा’ऐवजी ‘सोँ’ येतो, कारण दोन स्वर एकमेकांवर आदळू द्यायचे नाहीत.

कर्माची सर्वनामंही आपल्या क्रमाने येतात. ‘झ ल व्ह्वा’: मी, त्याला, पाहतो. शब्दाला शब्द. इंग्रजीच्या सवयीने सर्वनाम शेवटी टाकू नका.

भूतकाळ सत्राच्या शेवटी येतो आणि तिथे वर्ग गळपटतो. भूतकाळ दोन साहाय्यक क्रियापदांनी होतो, एक ‘जवळ असणे’ आणि एक ‘असणे’. कोणत्या क्रियापदाला कोणतं, याची १४-१५ नावांची यादी पाठ करायला देतात. यादी पाठ करा, पण आधी मराठीची ‘त्याने’ चाचणी लावा. वाक्यात ‘त्याने’ येत असेल तर बहुधा ‘जवळ असणे’: त्याने खाल्लं, ‘ईला माँझे’, त्याने पाहिलं, ‘ईला व्ह्यु’. वाक्य ‘तो’ने होत असेल आणि अर्थ जाणं, येणं, निघणं, पोचणं, राहणं, पडणं, जन्मणं, मरणं असा असेल तर ‘असणे’: तो गेला, ‘ईलेताले’, तो पडला, ‘ईले तोँबे’. आणि इथे भूतकाळी रूप कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतं, अगदी गेला-गेली-गेले सारखं. ‘एलेताले’, ती गेली, यात जादाचा ई फक्त लिहायचा असतो, ऐकू येत नाही. म्हणूनच तो राहून जातो. लिहून झालं की मनात ‘गेली’ म्हणा, ई आठवेल.

ही चाचणी सगळीकडे चालत नाही. झोपला, हसला, धावला यांत ‘त्याने’ नाही, तरी फ्रेंचमध्ये ‘जवळ असणे’च लागतं. उलट ‘त्याने अंघोळ केली’ला ‘असणे’ लागतं, कारण फ्रेंचमध्ये ते स्वतःला न्हाऊ घालणं आहे आणि अशी सगळी स्वतःवरची क्रियापदं ‘असणे’ घेतात. पण एका अवघड जागी ती सुंदर उपयोगी पडते. ‘वर चढणे’ हे क्रियापद यादीत आहे, म्हणून ‘तो वर गेला’ला ‘असणे’. तेच क्रियापद वापरून ‘त्याने बॅग वर नेली’ म्हणायचं असेल तर साहाय्यक बदलून ‘जवळ असणे’ होतं. व्याकरणाचं पुस्तक त्यासाठी वेगळा नियम सांगतं. मराठी बोलणाऱ्याच्या तोंडी ‘त्याने’ आपोआप आलेलं असतं.

क्रियापदांची रूपं पाठ करताना कान आणि डोळे वेगळे ठेवा. ‘बोलणे’ची सहा रूपं लिहायला पाच दिसतात, ऐकायला तीनच: पार्ल, पार्लोँ, पार्ले. मी, तू, तो आणि ते या चारही वेळी ‘पार्ल’. ‘ते बोलतात’च्या शेवटी ई-एन-टी आहे ती पूर्ण मुकी. तिथे ‘पार्लाँ’ म्हणणं ही तोंडी परीक्षेतली सगळ्यात सामान्य चूक. इतर शब्दांत ई-एन-टी म्हणजे आँ असतं, म्हणून जीभ घसरते.

जिथे मराठी फसवते

मराठीत उपपदं नाहीत. म्हणून आपण ती गाळतो, आणि फ्रेंचमध्ये उपपदाशिवाय नाम जवळजवळ उघडं पडतं. नियम वाचण्यापेक्षा चहाची पाच वाक्यं पाठ करा. ‘झेम ल ते’, मला चहा आवडतो: चहा ही चीज एकूणच, म्हणून ल. ‘झ ब्वा द्यु ते’, मी चहा पितो: त्यातला थोडा, कितीही, म्हणून द्यु. ‘अँ ते, सील वू प्ले’, एक चहा द्या: टपरीवर मोजून मागितलेला, म्हणून अँ. ‘झ न ब्वा पा द ते’, मी चहा पीत नाही: नकार आला की द्यु, अँ सगळे झडतात आणि नुसता द उरतो. पण ‘झ नेम पा ल ते’, मला चहा आवडत नाही, यात ल तसाच राहतो. हा शेवटचा मुद्दा वर्गात दहापैकी नऊ जण विसरतात. आता चहाच्या जागी दूध, भात, पाणी घालून वाक्यं फिरवा. लिंगाप्रमाणे द्यु बदलतो, स्वरापुढे ल चा ई गळतो.

नकाराला दोन तुकडे लागतात, क्रियापदाच्या अलीकडे ‘न’ आणि पलीकडे ‘पा’. मराठीचा ‘नाही’ शेवटी एकटाच येतो, त्यामुळे आपण ‘न’ विसरतो. बोलताना फ्रेंच लोकही तो खातात, पण उत्तरपत्रिकेत खाऊ नका. प्रश्नाचा ‘का’ आपण शेवटी लावतो. फ्रेंचमध्ये तोच ‘एस्क’ बनून सुरुवातीला जातो, पुढचं वाक्य जसंच्या तसं. विशेषण बहुतेक नामानंतर: व्हँ ब्लाँ, व्हँ रूझ. लहान, मोठा, चांगला, सुंदर, नवा, जुना, तरुण ही नेहमीची मंडळी तेवढी नामाआधी येतात.

लिंग दोनच, नपुंसक नाही, पण मराठीवरून अंदाज बांधू नका. चंद्र फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी आहे, टेबलही. शेवटावरून बराच अंदाज येतो: ‘स्योँ’ने संपणारे टी-आय-ओ-एन वाले शब्द स्त्रीलिंगी, ‘माँ’ने संपणारे ई-एन-टी वाले आणि ‘आझ’ने संपणारे बहुधा पुल्लिंगी. अपवाद आहेत: ‘प्लाझ’ म्हणजे समुद्रकिनारा आणि ‘इमाझ’ म्हणजे चित्र हे स्त्रीलिंगी. नाशिककराला उपयोगी पडेल अशी एक जोडी: नदीसाठी फ्रेंचमध्ये दोन शब्द आहेत. समुद्राला जाऊन मिळते ती ‘फ्लव्ह’, पुल्लिंगी; दुसऱ्या नदीला मिळते ती ‘रिव्ह्येर’, स्त्रीलिंगी. त्र्यंबकेश्वरला उगवून बंगालच्या उपसागराला मिळणारी गोदावरी फ्लव्ह, आणि तिला मिळणारी दारणा रिव्ह्येर. ‘माझं शहर’ या निबंधात हे बरोबर लिहिलंत तर तपासणारा थांबून वाचेल. त्याच निबंधात ‘नाशिकमध्ये’ला ‘आ नाशिक’, ‘भारतात’ला ‘आँनँद’. शहराला एक, देशाला दुसरं.

रस्ता सांगायच्या धड्यात एका त चा घोळ आहे. ‘आ द्र्वात’ म्हणजे उजवीकडे, ‘तू द्र्वा’ म्हणजे सरळ. नाशिकच्या सीबीएस बसस्टँडवरून रामकुंडाचा रस्ता सांगताना त राहिला तर समोरचा भलतीकडे जाईल. डावीकडे ‘आ गोश’, त्यात घोटाळा नाही.

एमएच १५ आणि आकडे

६९पर्यंत आकडे सरळ आहेत. ७० म्हणजे साठ-दहा, ८० म्हणजे चार-वीस, ९० म्हणजे चार-वीस-दहा. ९७ म्हणजे चार वीस आणि सतरा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, बाजारात ‘चार विसा’ म्हणत मोजणी व्हायची. फ्रेंच तिथेच राहिली. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये ७० आणि ९०ला वेगळे सरळ शब्द आहेत, पण परीक्षेत फ्रान्सचे लिहा. वीस आणि वाइन यांचा उच्चार एकच, व्हँ, त्यामुळे ८० ऐकायला चार वाइनसारखा लागतो.

सराव नाशिकच्या एमएच १५च्या नंबरपाट्यांवर करा. सिग्नलला उभे असताना पुढच्या गाडीचे चार आकडे दोन जोड्यांत वाचा, कारण फ्रान्समध्ये फोन नंबरही जोड्यांतच सांगतात आणि ऐकण्याच्या परीक्षेत तो तसाच येतो. ७४९१: ‘स्वासाँत-कातोर्ज़, कात्र-व्हँ-ओँज़’. २१ ते २९मध्ये विसाचा त ऐकू येतो, ‘व्हँत-द’. ८१ ते ९९मध्ये येत नाही. सहा आणि दहा यांचे तीन-तीन उच्चार: एकटा सहा ‘सीस’, सहा पुस्तकं ‘सी लीव्र’, सहा वर्षं ‘सीज़ाँ’. अंक लिहून नव्हे, ऐकून पक्के होतात. मित्राने बोलायचे, तुम्ही टिपायचे, वीस नंबर, पाच मिनिटं.

वही, श्रुतलेखन, कीबोर्ड

साठ जणांच्या वर्गात एका तासात तुमच्या वाट्याला बोलायला मिनिटभरही येत नाही. म्हणून घरी रोज चाळीस मिनिटं, आठवड्यातून सहा दिवस. रविवारी चार तास बसून भरपाई होत नाही.

शब्दांच्या वहीत नाम कधी एकटं लिहू नका, उपपदासकट लिहा. पुल्लिंगी निळ्या, स्त्रीलिंगी लाल शाईने. रोज सात-आठ शब्द पुरेत, प्रत्येकाचं एक छोटं वाक्य. तेच पान दुसऱ्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी अर्थ झाकून म्हणा. देवनागरीत उच्चार लिहायला पहिले सहा आठवडे हरकत नाही, इंग्रजी अक्षरांपेक्षा ते कितीतरी बरे. त्यानंतर सोडा, नाहीतर डोळा देवनागरीच वाचतो आणि स्पेलिंग बसत नाही.

श्रुतलेखनासारखी दुसरी कसरत नाही. पुस्तकाच्या ऑडिओतली पाच वाक्यं घ्या. पहिल्यांदा पेन खाली ठेवून ऐका. दुसऱ्यांदा थांबवत लिहा. तिसऱ्यांदा न थांबता ऐकत फक्त शेवटाकडे पाहा: अनेकवचनाचा एस, स्त्रीलिंगाचा ई, ‘ते’चा ई-एन-टी. मग पुस्तकाशी ताडून चुकांवर खूण करा आणि त्या तीन ढिगांत टाका. आवाजच ऐकू आला नाही, तर उच्चाराचा सराव कमी पडतोय. आवाज आला पण स्पेलिंग चुकली, तर वाचन कमी. दोन्ही बरोबर पण शेवटचं मुकं अक्षर राहिलं, तर व्याकरण. कुठला ढीग मोठा आहे ते पाहून पुढचा आठवडा ठरवा. पुस्तकाची झेरॉक्स घेतली असेल तर ऑडिओ कसा मिळवायचा ते आधी बघा. बऱ्याच नव्या पुस्तकांत आत क्यूआर कोड असतो आणि झेरॉक्सवाला तेच पान गाळतो. टीव्ही-५ मोंद या फ्रेंच वाहिनीच्या शिकण्याच्या साइटवर अगदी नवशिक्यांसाठी व्हिडिओ आणि सराव फुकट आहेत. बातम्यांच्या नादाला पहिल्या वर्षी लागू नका.

फोनच्या जीबोर्डला फ्रेंच भाषा जोडा. जोडताना अझर्टी मांडणी पुढे येते, तिच्यात ए-क्यू आणि झेड-डब्ल्यू यांच्या जागा बदललेल्या असतात. नेहमीची क्वर्टी निवडा. संगणकावर आल्ट दाबून उजवीकडच्या आकड्यांवर ०२३३ टाइप केलं की तिरकी रेघवाला ई येतो, ०२३२ने उलट रेघेचा, ०२२४ने रेघेचा ए, ०२३१ने शेपटीवाला सी. वरच्या ओळीतले आकडे चालत नाहीत, आणि लहान लॅपटॉपला उजवीकडचे आकडे नसतातच. रेघा म्हणजे नक्षी नव्हे. ‘आ’वर रेघ नसेल तर ‘जवळ आहे’, असेल तर ‘ला, मध्ये’. ‘ऊ’वर नसेल तर ‘किंवा’, असेल तर ‘कुठे’.

भाषांतराचं ॲप शब्दाला वापरा, परिच्छेदाला नको. ‘मी दमले’ टाकलं तर ते अनेकदा पुल्लिंगी उत्तर देतं, आणि तु-वूची सरमिसळ करतं. तपासणाऱ्याला ते पहिल्या ओळीत कळतं.

परीक्षा

कॉलेजच्या परीक्षेपलीकडे कागद हवा असेल तर देल्फ या फ्रेंचच्या प्रमाणपत्र परीक्षेची पहिली पायरी ए-१ आहे. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं, प्रत्येकी २५ गुण. एकूण १००त ५० मिळाले की पास, पण एकाही भागात ५च्या खाली जायचं नाही. प्रमाणपत्राला मुदत नाही. नाशिकहून पुणे किंवा मुंबईच्या आलियाँस फ्राँसेज़ या फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेत जाऊन देता येते. तारखा आणि फी त्यांच्याकडूनच बघा. नोंदणीची मुदत परीक्षेच्या बरीच आधी संपते, सत्र परीक्षेच्या गडबडीत तीच हुकते.

तोंडी परीक्षेत खोलीत शिरताच आधी ‘बोँझूर मादाम’ किंवा ‘बोँझूर मस्य’. नुसतं ‘बोँझूर’ कोरडं लागतं, आणि ‘मादाम’च्या पुढे आडनाव लावायचं नाही. प्रश्न कळला नाही तर गप्प बसू नका आणि इंग्रजीत ‘सॉरी’ही नको. ‘वू पूव्हे रेपेते, सील वू प्ले?’, पुन्हा सांगाल का, हे वाक्य झोपेतून उठवलं तरी म्हणता आलं पाहिजे. ए-१ला परीक्षक हळू आणि पुन्हा सांगायला बांधलेला असतो, आणि विचारलं म्हणून गुण जात नाहीत.